घाटापर्यंत रेंज

कुसुमताई खांडेकर रस्त्याने चालताना समोर बघत नसत, वर बघत. पाखरं नव्हे, गच्च्या नव्हेत, नुसती हवा. माधवनगरच्या आमच्या गल्लीतले सायकलवाले, सब्जीचे ठेलेवाले, इतकंच काय गायीसुद्धा त्यांना चुकवून जायला शिकल्या होत्या. दूधवाला रोज सकाळी ओरडे, "दीदी, नीचे देख के!" त्या रोज "हाँ भैया" म्हणत आणि पुन्हा वर बघायला लागत.

मी नाशिककडची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे उज्जैनला आले आणि मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. कुसुमताई तिथेच भौतिकशास्त्र शिकवत, आणि राहायला आमच्या समोर. ओळख झाल्यावर आठवड्याभरात मी विचारलं, "ताई, काय दिसतं हो वर?"

त्या भर रस्त्यात थांबल्या. "दिसत तर काहीच नाही गं. तीच तर मजा आहे. आत्ता इथे, तुझ्या-माझ्या मधे, इंदौर आकाशवाणीचं भजन आहे, दिल्लीच्या बातम्या आहेत, समुद्रातल्या कुठल्यातरी जहाजाचं बोलणं आहे. आणि आपल्याला नुसता पोह्यांचा वास येऊन राहिलाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "पोचलं?"

हा त्यांचा शब्द. इतर मास्तरणी "समझ में आया?" विचारत, कुसुमताई विचारत, "पोचलं?" वर्गात हिंदीत, "पहुँचा?" समजणं आपल्या हातात असतं, पोचणं मधल्या हवेवर असतं, असं काहीसं त्यांचं मत होतं. हवा कधी रिकामी नसते, हे त्या इतक्या वेळा म्हणत की मुलींनी त्यांना 'हवावाली मॅडम' नाव ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांचा एक तास मी व्हरांड्यातून पाहिला आहे. संगीत विभागातून दोन तानपुरे मागून आणले होते. दोन्हींच्या तारा अगदी एका सुरात लावून त्यांनी एकाच्या तारेवर कागदाची चिमुकली घडी ठेवली आणि दुसऱ्याची तार छेडली. न शिवलेल्या तारेवरची घडी टुणकन उडून खाली पडली. मुली हसल्या. मग त्यांनी ती तार जराशी सैल केली, घडी पुन्हा ठेवली आणि पुन्हा छेडलं. घडी हलली नाही.

"देखा? तार वही है, हवा वही है. पर सुर अलग हो गया, तो अब ये बहरी है."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, इंसानों में भी ऐसा होता है क्या?"

कुसुमताई विचारात पडल्या. खिडकीबाहेर कडुनिंबाकडे बघत राहिल्या. इतका वेळ की तास संपल्याची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी हजेरीसुद्धा न घेता त्यांनी त्या मुलीला सांगितलं, "होता है. पर इंसान की तार रोज़ कसनी पड़ती है."

अशा बाईंचं घर चालत होतं ते वसंतरावांमुळे. वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले, उंच, गोरे, बोलण्यात अदब असलेले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते म्हणे, आणि ती दफ्तरी अदब अजून त्यांच्या पाठीच्या कण्यात होती. भाजीवालीलासुद्धा ते "आपण" म्हणत. लहानपणापासून क्षिप्रेत पोहलेले. बँकेच्या सगळ्या वर्षांत पहाटे रामघाटावर बुडी मारल्याशिवाय त्यांनी चहा घेतला नाही. दूध तापवायचे ते, इस्त्रीचे कपडे मोजून घ्यायचे ते, कुसुमताईंची छत्री, चष्मा, घड्याळ शोधून द्यायचे ते. "आमच्या मंडळींचं लक्ष अंतराळात," ते मला सांगत, "म्हणून कुकरच्या शिट्ट्या मी मोजतो."

आणि एक दिवस शिट्ट्या मोजायला तेच विसरले.

आधी आम्ही हसलो. मग चहात मीठ पडायला लागलं. मग एका दुपारी एक ऑटोवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला. "माताजी, बाबूजी पूल के पास घर का रास्ता पूछ रहे थे. अपने ही घर का." वसंतराव मागे उभे होते आणि पाहुण्याच्या घरी आल्यासारखे चपला कुठे काढाव्यात ते बघत होते.

इंदौरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही आठवण आता अशीच झिजत जाणार. एकटं सोडू नका, बाहेरच्या दाराला कुलूप लावा.

कुसुमताईंनी कुलूप लावलं नाही. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "ताई, ते रोज नदीकडे जातात. पाय घसरला तर?"

"चाळीस वर्षं जो माणूस उजाडायच्या आत नदीवर गेला, त्याला कोंडलं तर तो घरातच हरवेल गं," त्या म्हणाल्या. "चालू दे त्यांना. मला फक्त त्यांच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे."

मोबाइल तेव्हा उज्जैनात नवे होते. इनकमिंग फुकट झालं होतं आणि पानवाल्याच्या खिशातसुद्धा फोन वाजायला लागला होता. "तेरा टावर कहाँ आता है?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "टावर चौक पे!" कुसुमताईंच्या मुलाने, निखिलने, अमेरिकेहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर बाबांसाठी एक देखणा चांदीच्या रंगाचा फोन पाठवला. आम्ही तो घेऊन टॉवर चौकातल्या, म्हणजे जुन्या घंटाघराजवळच्या, मनोहरच्या दुकानात गेलो. मनोहर सिंधी, गोड बोलणारा, नुकतंच कॅसेटचं दुकान मोडून मोबाइलचं थाटलेलं. त्याने एका कंपनीचं सिम घातलं, मग दुसऱ्या कंपनीचं घातलं, फोन दाराबाहेर नेऊन हलवला आणि परत येऊन जाहीर केलं, "मैडम, सेट डेड है. टावर ही नहीं पकड़ रहा."

कुसुमताई स्टुलावर बसल्या. फोनबरोबर आलेली बारीक अक्षरांची पुस्तिका त्यांनी नाकाशी धरून वाचली आणि एकदम खुलल्या. "डेड नहीं है भैया. परदेसी है. इसके कान उन्नीस सौ पर खुलते हैं. अपने यहाँ तुम्हारी पुरानी कंपनी नौ सौ पर बोलती है, नई वाली अठारह सौ पर. ये बेचारा सुने तो क्या सुने?"

मनोहरला लहरींचे ते आकडे कळले नाहीत, पण बाईंचा चेहरा कळला. तो हसून म्हणाला, "तो मैडम, इसको वापस भेज दो, अपने गाँव. आप नया ले लो, पूरे उज्जैन में चलेगा." आणि त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. नव्या कंपनीची जाहिरात होती ती. सगळं शहर लालभडक रंगवलेलं.

"रामघाट पर?"

"पूरा लाल है ना मैडम, देखो."

कुसुमताईंनी जवळ जाऊन बघितलं. "इसमें तो नदी भी लाल है," त्या म्हणाल्या. "रंगवणारा घाटावर गेला होता का, हे कोणाला विचारायचं?"

विचारायला कोणी नव्हतं, म्हणून त्या स्वतः निघाल्या. मनोहरने नव्या कंपनीचा एक फोन उसना दिला, जुन्या कंपनीचा माझ्या नवऱ्याकडे होता. दोन हातांत दोन फोन घेऊन त्या हिवाळ्यात कुसुमताई वसंतरावांबरोबर दुपारच्या फिरायला लागल्या. तास नसला की मीही जाई. त्यांचा एकच नियम होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्या नवऱ्याला म्हणत, "चला. पुढे तुम्ही." कारण प्रश्न रस्त्याचा नव्हता, वसंतरावांच्या रस्त्याचा होता.

त्या दुपारी मला अजून पाण्याखालून बघितल्यासारख्या आठवतात. कोवळं ऊन, आमच्या फ्रीगंज भागातले रुंद रस्ते, वसंतराव पुढे, हात पाठीशी बांधून, एखाद्या संस्थानाची पाहणी करत असल्यासारखे. मागे कुसुमताई, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नजर खाली, हातातल्या दोन इवल्या पडद्यांवर. फ्रीगंजात दोन्ही फोन टुणटुणीत. रेल्वेवरचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की नव्या फोनच्या रेघा एकेक करून मालवायला लागत. पटनी बाजाराच्या बोळात, जुन्या जाडजूड भिंतींमध्ये, तो पार मुका होई.

"अठराशेची लहर आखूड असते," त्या मला सांगत. "भिंत आली की रुसते. नऊशेची लांब. ती कोपऱ्यावरून वाकून बघते, अजून कोणी आहे का पलीकडे."

वसंतराव मधेच कुठे थांबत. एखाद्या ओट्याला हात लावून बघत, एखाद्या बंद दाराला नमस्कार करत. कुसुमताई घाई करत नसत. एकदा ते एका कचोरीच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "इथे आमच्या मंडळींना पहिल्यांदा आणलं होतं. तिखट लागली, पण बोलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी." मग बाजूला उभ्या असलेल्या कुसुमताईंना ते अदबीने म्हणाले, "आपण खाणार का?"

"खाईन की," कुसुमताई म्हणाल्या. खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, पण बोलल्या नाहीत.

रामघाटावर त्यांचं काम सगळ्यात जास्त वेळ चाले. वसंतरावांना वरच्या ओट्यावर माझ्याजवळ बसवून त्या पायऱ्या उतरत. एकेका पायरीवर थांबून फोन उंच धरत, कानाला लावत, पुन्हा एक पायरी. एक म्हातारे पंडे हे रोज बघत असत. शेवटी त्यांना राहवलं नाही. "माताजी, ये कौन-सी आरती है?"

"पंडितजी, देख रही हूँ, आवाज़ कहाँ तक उतरती है."

पंड्यांनी नदीकडे बघितलं. "हमारे यहाँ से तो पुरखों तक जाती है माताजी. आपके यंत्र का पता नहीं."

यंत्राचा पत्ता लागला. नव्या कंपनीचा फोन घाटाच्या वरच्या पायरीवरच संपत होता. जुन्या कंपनीचा खाली येत होता, पण उतरताना आवाज तुटायला लागे, आधी शब्दांची टोकं जात, मग मधले शब्द, आणि पाण्याजवळ पोचलं की काहीच उरत नसे. कुसुमताई त्या शेवटच्या बोलक्या पायरीवर बराच वेळ उभ्या राहिल्या. वर आल्या तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "तिथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. त्याच्या खाली नाही."

मग त्यांनी मनोहरकडून नऊशेवर चालणारा एक जुना, जाडा फोन घेतला. डोक्यावर बोटभर एरियल, मोठी बटणं, खणखणीत घंटा. "मैडम, ये तो मैंने पुर्ज़ों के लिए रखा था!" मनोहर कळवळला. "रंगीन स्क्रीन वाला लो ना." पण वसंतरावांना तोच आवडला. हा फोनसारखा दिसतो, म्हणाले. तो गळ्यात अडकवायला कापडी पिशवी हवी होती. कुसुमताईंना सुईत दोरा ओवता येत नसे. तेव्हा वसंतरावांनी स्वतःच, काय शिवतोय ते मधेमधे विसरत, सुबक टाक्यांनी ती पिशवी शिवली.

भाद्रपदातली संध्याकाळ. वर कुठेतरी चांगला पाऊस झाला होता आणि क्षिप्रा चढली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्याचं कॉलेजात बोलत होते. मी आणि कुसुमताई बरोबरच घरी परतलो, तर त्यांचं दार सताड उघडं. दिवसा वसंतरावांजवळ बसायला ठेवलेली बाई रडत होती. ती पीठ मळत असताना ते गेले होते, टॉवेल घेऊन.

मी ऑटो थांबवला. आत बसता बसता कुसुमताईंनी स्वतःसाठी घेतलेल्या तशाच जुन्या फोनवरून नंबर लावला. घंटा वाजत राहिली. मी देवाचं नाव घेत होते. त्या शांत बसल्या होत्या, डोळे मिटून.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. जुन्या फोनचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. "कोण बोलतंय?"

"अहो, मी कुसुम."

थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं. "कुसुम घरी नाहीत," वसंतराव म्हणाले. "कॉलेजात असतील. आपण कोण?"

मी कुसुमताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर विझला, आणि मग त्यांनी आवाज बदलला. घरचा आवाज काढून ठेवला आणि दुसराच, परक्या माणसाशी बोलायचा नेमस्त आवाज काढला.

"मी त्यांच्या ओळखीची. त्यांची चौकशी करायची होती. आपल्याला वेळ आहे का?"

"जरूर. बोला."

ऑटो पुलावर येऊन थांबला. पुढे एक ट्रक आडवा बंद पडला होता, मागे-पुढे भोंगे नुसते. मी उतरून चालत जाऊ या म्हटलं, त्यांनी हाताने मला गप्प केलं. त्या ऐकत होत्या. मलाही ऐकू आलं. वसंतरावांच्या शब्दांची टोकं गळायला लागली होती.

"आमच्या मंड... फार हुशार... पण घरात लक्ष..."

ते उतरत होते.

"ऐकता का," कुसुमताई म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता, पण आवाज तसाच. "आपला आवाज नीट येत नाही हो. आपण सांगताय ते मला सगळं ऐकायचंय. जरा दोन-चार पायऱ्या वर येऊन बोलता का?"

कुरकुर. मग काही नाही. ती शांतता किती टिकली मला माहीत नाही. पुलाखालून एक मालगाडी जात होती आणि तिचे डबे संपतच नव्हते.

"आता येतोय का आवाज?"

"अजून थोडं वर, म्हणजे बरं पडेल. कृपा होईल."

"कृपा कसली, आपण बाईमाणूस, आपल्याला त्रास नको." धापा टाकत, पण शब्द आता पुरे. "हं. आता?"

"आता छान येतोय," कुसुमताई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या. "तिथेच बसा आता. आणि सांगा, कुसुमविषयी काय सांगत होता?"

त्यांनी सांगितलं. ट्रक हलेपर्यंत, बोळ संपेपर्यंत सांगत राहिले. की त्या भौतिकशास्त्र शिकवतात, हवेत काय काय आहे ते त्यांना दिसतं. की लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी भात सतरा वेळा जाळला असेल, पण एकदाही खोटं बोलल्या नाहीत. की अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे घरात एक खिडकी कायम उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. "हे मी त्यांना कधी बोललो नाही," वसंतराव म्हणाले. "बोलायचं राहून जातं. आपण भेटलात तर सांगाल?"

"सांगेन," कुसुमताई म्हणाल्या.

ते घाटाच्या वरच्या ओट्यावर बसलेले सापडले. टॉवेल मांडीवर, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. म्हातारे पंडे त्यांच्या शेजारी बसले होते. "पानी में पैर रख चुके थे माताजी," ते म्हणाले. "मैं आवाज़ देता रहा, सुना नहीं. फोन पर बोलते जा रहे थे, फिर जाने क्या हुआ, खुद ही लौट आए."

वसंतराव आम्हाला बघून उठून उभे राहिले. बायका आल्या की ते उठत. त्यांनी फोन कुसुमताईंपुढे धरला. "जरा बघता का? एका बाईंचा फोन आहे. फार सभ्य आहेत. एकट्या असाव्यात, ठेवायला जीव होईना."

कुसुमताईंनी फोन घेतला. "बोलते मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या, आणि पदराने त्यांचे भिजलेले पाय पुसायला खाली बसल्या.

त्यानंतर उज्जैनात ते फार दिवस राहिले नाहीत. निखिल अमेरिका सोडून पुण्याला आला आणि आई-बाबांना तिकडे न्यायचं ठरलं. कुसुमताईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शेवटच्या तासाला मुली रडल्या, त्यांनी मात्र विषय पुरा केला.

देवासगेटच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. इंदौरपर्यंत बस, तिथून पुढे निखिल येणार होता. सामान चढवून झालं. वसंतराव खिडकीशी बसले होते, स्वच्छ इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले. कुसुमताई आत चढल्या तसे ते उठले, बाजूला सरले आणि खिडकीची जागा त्यांना दिली. मी खाली उभी होते. काच अर्धी उघडी होती.

"आपण बसा इथे," ते म्हणाले. "हवा लागेल."

त्या बसल्या. गाडी सुरू झाली. वसंतराव त्यांच्याकडे वळून आपुलकीने विचारत होते, "एकट्याच निघालात का प्रवासाला?"

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. "सोबत आहे."